मोरपंखी, पान चार

बारा पानांची पुस्तिका केली मी,
नारायण पेठेत, छापखान्याच्या वरच्या खोलीत,
जिथे खालच्या यंत्राने फरशी थरथरते
आणि चहाच्या पेल्यात दिवसभर वर्तुळं उठतात.

पान चार : पक्षाचा रंग.
मोरपंखी. म्हणजे निळा नव्हे, हिरवाही नव्हे.
सायन पंच्याऐंशी, मॅजेंटा वीस, पिवळा पन्नास, काळा दहा.
खाली ठळक टाइपात : यात बदल करू नये.

हडपसरला बदल झाला.
शाई संपत आली होती म्हणे, निळीच उरली होती.
दुसऱ्या दिवशी वानवडीतून फोन,
"ताई, आपली युती झाली का कुणाशी?"
कात्रजला हिरवा उतरला,
तर तिथल्या चहावाल्यानं पक्षाचं भवितव्यच सांगून टाकलं.
या शहरात छटा चुकली
की तिचं स्पष्टीकरण द्यायला अध्यक्षांना पत्रकार परिषद लागते.

पान सहा : छायाचित्रे. जास्तीत जास्त तीन.
दापोडीच्या अवधूत लांघींनी अठरा पाठवली.
"मला अध्यक्षांपेक्षा थोडंसंच मोठं करा,
बोटभर. आणि खाली ही पोरं, शुभेच्छुक."
काळा चष्मा, काळा चष्मा, एक पोरगा बुलेटसकट.
माझ्या कोष्टकात शुभेच्छुकांना रकाना नव्हता.
शेवटी केला.

पान नऊ मला सगळ्यात प्रिय.
निवडणूक : णू दीर्घ.
निवडणुकीत : विभक्ती लागली की ऱ्हस्व.
खालच्या मजल्यावरचे पटवर्धन पान उलटवत म्हणाले,
"उकार मोजून कोण मत देतं हो?"
मी म्हटलं, तुम्ही.
ते गप्प झाले. सदाशिव पेठेतलं त्यांचं नाव
यादीत एकदा ऱ्हस्व छापलं गेलं होतं,
त्यावर त्यांनी चार अर्ज केले होते.

आणि पान दोन. रांजण. आपलं चिन्ह.
पहिला रांजण शिकलगार पेंटरचा,
दांडेकर पुलाजवळच्या भिंतीवर, हातानं काढलेला,
पोटात जरा फुगीर, डावीकडे कललेला.
मी तो संगणकावर घेतला, मधोमध रेघ टाकली,
अर्धा पुसला, उरलेला अर्धा उलटून जोडला.
सरळ झाला. सगळे म्हणाले, आता कसा पक्ष वाटतो.
शिकलगारांनी प्रिंट लांब धरून पाहिली.
"छान आहे," म्हणाले. "पण भरलेला रांजण
असा उभा राहत नाही, ताई. त्याला टेकू लागतो."
मी त्यांना पुस्तिकेची एक प्रत दिली.
त्यांनी ती ब्रश गुंडाळायला वापरली.

मग आचारसंहिता लागली.
तीन वाजता बातमी, सहापर्यंत महापालिकेची गाडी.
फ्लेक्स उतरले, कोनशिला कागदात गेल्या,
बाकांच्या पाठीवरची नावं चिकटपट्टीखाली.
औंधपासून बिबवेवाडीपर्यंत
एकच पांढरा, एकच मापाचा कागद,
कुठेही कुणाचा चेहरा कुणापेक्षा बोटभर मोठा नाही.
दोन वर्षं मी जे घसा कोरडा करून मागत होते
ते त्यांनी तीन तासांत, कुठलीही पुस्तिका न वाचता, केलं.
मी स्कूटर थांबवून हसले. मागचा रिक्षावाला हसला नाही.

पुलाजवळ दोन माणसं भिंतीला चुना मारत होती.
ओल्या चुन्याखालून सगळं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं.
वाळतो तेव्हा पांढरा होतो तो, तोवर नुसतं पाणीच.
रांजण तिथेच होता, डावीकडे कललेला,
आणि त्याच्या बुडाशी, इतकी वर्षं मला न दिसलेला,
तळहाताएवढा दगड. टेकू.

पुस्तिका पिशवीत होती.
रंग जुळवून पाहता आला असता.
मी नुसतीच उभी राहिले,
वरच्या कडेपासून चुना वाळत खाली येईपर्यंत.